कामगारांचा ज्युदो क्लब सर्वांचा कसा झाला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगभरात असे अनेक ज्युदो क्लब आहेत ज्यांची पहिली गादी एखाद्या कारखान्यात, रेल्वेच्या आवारात, पोलीस ठाण्यात किंवा प्रयोगशाळेत पडली. आज तिथे शाळकरी मुले शिकतात, त्यांचे पालक बाकावर बसून वाट पाहतात आणि भिंतीवरच्या जुन्या फोटोतली माणसे कोण, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. अशा क्लबांच्या इतिहासाविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. हा इतिहास लिहून ठेवायलाच हवा, असे आम्हाला मनापासून वाटते. जी माणसे तो सांगू शकतात ती आता वयाने बरीच मोठी आहेत.

ज्युदोचा आणि नोकरीच्या जागेचा मुळात संबंध काय?

संबंध अगदी पहिल्या दिवसापासूनचा आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योतल्या एइशो-जी या बौद्ध मंदिरात कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. जागा बारा तातामींची, म्हणजे पेंढ्याच्या बारा जपानी गाद्यांची, आणि शिष्य नऊ. कानो त्या वेळी गाकुशुइन या शाळेत शिकवत होते. म्हणजे ज्युदोचा संस्थापक स्वतःच नोकरी सांभाळून डोजो, म्हणजे सरावाची जागा, चालवणारा माणूस होता. संध्याकाळी कामावरून थेट गादीवर येणाऱ्या कुठल्याही प्रशिक्षकाने हे लक्षात ठेवावे.

पुढे ज्युदो पसरला तोही संस्थांच्या आधाराने. १८८० च्या दशकात तोक्यो पोलिसांच्या सामन्यांत कोदोकानच्या शिष्यांनी जुजुत्सुच्या, म्हणजे ज्या झुंजविद्येतून ज्युदो निघाला तिच्या, जुन्या घराण्यांतल्या मल्लांना हरवले आणि पोलीस दलात ज्युदोला जागा मिळाली. कानो नंतर तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्राचार्य झाले. तिथून शिक्षक होऊन बाहेर पडणारी तरुण मंडळी जिथे नोकरीला लागली तिथे ज्युदो घेऊन गेली. जपानमध्ये पोलिसांच्या प्रशिक्षणात आजही ज्युदो किंवा केंदो (जपानी तलवारबाजी) शिकावाच लागतो.

जपानबाहेर असे क्लब कसे निघाले?

प्रत्येक ठिकाणी वाट वेगळी होती, पण बहुतेक कहाण्यांच्या मुळाशी एक माणूस सापडतो. तो कुठेतरी ज्युदो शिकलेला असतो आणि कामावरच्या सोबत्यांना शिकवल्याशिवाय त्याला राहवत नाही.

जर्मनीतले उदाहरण पाहा. आल्फ्रेड रोडे हे पोलीस अधिकारी. बर्लिनमध्ये एरिश रान यांनी १९०६ मध्ये जुजुत्सुची शाळा काढली होती, रोडे त्यांच्याकडे शिकले. १९२२ मध्ये त्यांनी फ्रँकफर्टला क्लब काढला आणि जर्मन ज्युदोचा पाया तिथे घातला गेला. १९३२ मध्ये फ्रँकफर्टला आंतरराष्ट्रीय उन्हाळी शिबिर भरले. दलातल्या एका माणसाच्या आवडीतून दहा वर्षांत देशोदेशीचे खेळाडू एका गादीवर आले.

आम्हाला सर्वांत जवळची वाटते ती मोशे फेल्डेनक्राइस यांची गोष्ट. पेशाने इंजिनीअर आणि भौतिकशास्त्रज्ञ. पॅरिसमध्ये जोलिओ-क्युरी दांपत्याबरोबर संशोधनात काम करत असताना १९३३ मध्ये त्यांची कानोंशी भेट झाली, आणि १९३६ मध्ये त्यांनी फ्रान्सचा जुजुत्सु क्लब स्थापन केला. तिथल्या सुरुवातीच्या मंडळींत शास्त्रज्ञ आणि इंजिनीअर पुष्कळ होते. १९४० मध्ये फ्रान्स पडला तेव्हा ते ब्रिटनला निसटले आणि स्कॉटलंडमधल्या फेअरली या गावी नौदलाच्या पाणबुडीविरोधी संशोधन केंद्रात रुजू झाले. तिथेही त्यांनी बरोबरच्या शास्त्रज्ञांना ज्युदो शिकवला. युद्धकाळात, गुप्त कामाच्या धबडग्यात, दिवसभर ध्वनिलहरींची गणिते करणारी माणसे संध्याकाळी पडायला शिकत होती! फेल्डेनक्राइस पुढे शरीराच्या हालचालींवरच्या त्यांच्या पद्धतीमुळे जगभर ओळखले गेले. तिच्या मुळांमध्ये ही गादी आहे.

अमेरिकेत हे काम हवाई दलाने केले. जनरल कर्टिस लमे यांच्या हाताखालच्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या जवानांना कोदोकानला शिकायला पाठवले. १९५३ मध्ये जपानी शिक्षकांचे पथक अमेरिकेतल्या हवाई तळांवर फिरले. नोकरी संपवून घरी गेलेल्या या जवानांपैकी अनेकांनी आपापल्या गावी क्लब काढले. सैनिकांच्या ज्युदो संघटनेतूनच पुढे अमेरिकेतली एक मोठी नागरी ज्युदो संघटना उभी राहिली.

मग लंडनचे बुडोक्वाई, तो जुना ज्युदो क्लब?

ते कामाच्या जागेतून निघालेले नाही. गुंजी कोइझुमी यांनी ते जानेवारी १९१८ मध्ये स्थापन केले आणि ते पहिल्यापासून बाहेरच्यांसाठी खुले होते. तरीही त्याचा उल्लेख इथे हवा, कारण ब्रिटनमधल्या कितीतरी क्लबांची गुरुपरंपरा शोधत मागे गेले की वाट याच दारापाशी येते. ब्रिटिश ज्युदो असोसिएशन आणि युरोपियन ज्युदो युनियन, दोन्ही १९४८ मध्ये स्थापन झाल्या आणि दोन्हींमागे कोइझुमींचे परिश्रम होते.

जपानी कंपन्यांचे ज्युदो संघ म्हणजे असेच क्लब का?

नाही, दोहोंत गल्लत करू नये. जपानमध्ये कंपन्यांच्या संघांची वेगळी व्यवस्था आहे. कंपनी खेळाडूला नोकरीवर ठेवते आणि तो कंपनीच्या नावाने लढतो. ऑलिंपिकमध्ये दोन वैयक्तिक सुवर्णपदके जिंकणारे ओनो शोहेइ हे असाही कासेइ या रसायन कंपनीचे, तर तानी र्‍योको टोयोटाच्या. हा अव्वल दर्जाचा ज्युदो आहे, पण तिथे फिटर, टंकलेखक आणि पहारेकरी कामानंतर एकत्र येऊन शिकत नसतात. आपण ज्या क्लबांबद्दल बोलतोय त्यांत नोकरी आधी आणि ज्युदो नंतर.

पूर्व युरोपातल्या क्लबांची नावे लोकोमोटिव्ह, डायनॅमो, केमी अशी का असतात?

कारण तिथे खेळ कामाच्या जागेशी सरकारी पातळीवरच बांधलेला होता. सोव्हिएत संघात डायनॅमो ही संस्था १९२३ मध्ये सुरक्षा यंत्रणांसाठी निघाली, लोकोमोटिव्ह रेल्वे कामगारांची. पूर्व जर्मनीत प्रत्येक उद्योगाच्या क्रीडा मंडळाला ठरलेले नाव असे: रेल्वे म्हणजे लोकोमोटिव्ह, रसायन उद्योग म्हणजे केमी, पोलाद म्हणजे श्टाल, यंत्रनिर्मिती म्हणजे मोटोर. १९९० नंतर कारखान्यांचा आधार गेला आणि यांतली बरीच मंडळे नोंदणीकृत नागरी संस्था झाली. काहींनी नाव बदलले, काहींनी अभिमानाने तसेच ठेवले. पाटीवर मोटोर दिसले की तिथे कधीकाळी यंत्रांचा कारखाना होता, हे कळते.

सोव्हिएत ज्युदोची गोष्ट दुःखाची आहे. वासिली ओश्चेपकोव हे कोदोकानमध्ये शिकलेले. १९१३ मध्ये तिथे त्यांना काळा पट्टा मिळाला, परत येऊन व्लादिवोस्तोकला त्यांनी ज्युदो शिकवायला सुरुवात केली. १९३७ मध्ये त्यांना अटक झाली आणि कोठडीतच त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी शिकवलेल्या कुस्तीला पुढच्याच वर्षी सांबो म्हणून सरकारी मान्यता मिळाली, पण त्यात त्यांचे नाव नव्हते. याच सांबोतून आलेल्या खेळाडूंनी १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला ज्युदोची चार कांस्यपदके मिळवून दिली. क्लबच्या इतिहासातून माणसाचे नाव गाळले जाणे किती सोपे असते, हे यातून दिसते.

कामाच्या जागी ज्युदोच का रुजला? फुटबॉल, क्रिकेट का नाही?

तेही रुजले. पण ज्युदोला मैदान लागत नाही, दिवसाचा उजेड लागत नाही, अकरा माणसे लागत नाहीत. कँटीनमधली टेबले बाजूला सरकवली, गाद्या अंथरल्या आणि चार-सहा जण जमले की वर्ग सुरू होतो. पाळीत काम करणाऱ्यांसाठी हे फार सोयीचे. आज पहिल्या पाळीवाले, उद्या दुसऱ्या पाळीवाले, कुणाचेच अडत नाही.

दुसरे कारण उकेमीचे, म्हणजे पडण्याच्या सरावाचे. शिडीवर, ओल्या फरशीवर, जड वस्तू उचलत काम करणाऱ्याला नीट पडता येणे ही कामाचीच विद्या आहे. हनुवटी छातीशी, हात मोकळा आपटायचा, डोके वाचवायचे. कित्येक महिने फक्त एवढेच शिकले तरी वेळ वाया जात नाही.

तिसरे कारण आमच्या मते सर्वांत मोठे. गादीवर हुद्दा चालत नाही. नवशिक्याच्या पांढऱ्या पट्ट्यातला फोरमन वरच्या श्रेणीच्या तपकिरी पट्ट्यातल्या शिकाऊ कामगाराला वाकून नमस्कार करतो आणि मग त्याच्याच हातून पडतो. सकाळी दोघे पुन्हा आपापल्या जागी असतात, पण बोलण्याची रीत थोडी बदललेली असते. कानोंनी परस्पर कल्याणाचे जे तत्त्व सांगितले ते इथे भाषणाशिवाय शिकता येते: जोडीदार जपला नाही तर उद्या सरावाला कुणी उरणार नाही.

मालकाला यातून काय मिळे?

पहारेकऱ्यांना प्रशिक्षण, आंतरउद्योग स्पर्धांत नाव आणि कामगार कल्याणाच्या अहवालात एक चांगला परिच्छेद. हेतू काहीही असो, जागा, गरम पाणी आणि दिवे फुकट मिळत. वर्गणी पगारातून परस्पर कापली जाई. या सोयीचे मोल क्लबला पुढे ती गेल्यावरच कळले.

त्या काळच्या गाद्या कशा होत्या?

जपानी तातामी भाताच्या पेंढ्याची, दाबून बांधलेली. युरोपात ती मिळणे कठीण आणि महाग, म्हणून जे हाताशी असेल ते वापरले जाई: पेंढा, लाकडाचा भुसा, जुन्या व्यायामशाळेतल्या गाद्या, आणि वरून ताणून बांधलेले जाड कॅनव्हास. कॅनव्हास सैल पडला की पायाची बोटे अडकत, ताणला की कोपरे सोलत. कारखान्याच्या क्लबला इथे फायदा होता. सुतार चौकट करून देत, शिवणखात्यातले कुणी कापड शिवत, वेल्डर कोपऱ्याचे हुक बनवत. यामुळे अशा क्लबची पहिली गादी त्या कारखान्याच्या सर्व खात्यांनी मिळून बनवलेली वस्तू असे. तिचा एखादा तुकडा शिल्लक असेल तर कृपा करून फेकू नका.

आजची गादी दाबलेल्या फोमची, साधारण दोन मीटर बाय एक मीटर, चार सेंटिमीटर जाड. एकेक पंधरा-वीस किलो भरते. ज्या क्लबला स्वतःची कायमची जागा नाही तिथे या गाद्या दर वर्गाला काढणे-लावणे हाच सर्वांत चिवट स्वयंसेवा विभाग असतो.

बाहेरची माणसे क्लबमध्ये कधी आली?

बहुधा मुलांमुळे. कामगार आपल्या पोराला घेऊन येई, पोरगा शाळेतल्या मित्राला आणी, त्या मित्राचे वडील कारखान्यात नसत. मग समितीपुढे प्रश्न येई: फाटकावरचा पहारेकरी याला आत कसा सोडणार? सह्यांची वही, पाहुण्यांचा पास, शनिवारी सकाळचा वेगळा वर्ग, असे तोडगे निघत.

१९६४ ने या ओघाला जोर दिला. ज्युदो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला आणि वजनाची मर्यादा नसलेल्या खुल्या गटात नेदरलँड्सच्या अँटोन गेसिंक यांनी जपानच्या कामिनागा अकिओ यांना तोक्योतच हरवले. बाहेरच्यांना या खेळात सर्वोच्च जागा आहे, हे जगाने पाहिले. त्यानंतर शिकायला येणाऱ्यांची गर्दी पेलणे कँटीनच्या सभागृहाला कठीण होते.

आमच्या मते क्लबच्या इतिहासातले खरे वळण हेच. ज्या बैठकीत कर्मचारी नसलेल्यांना पूर्ण सभासदत्व आणि मताचा हक्क दिला गेला, त्या दिवशी तो क्लब लोकांचा झाला. पुढे कारखाना बंद पडल्यावर कोणते क्लब तगले, हे पाहिले तर या निर्णयाचे वजन कळते. ज्यांनी दार आधीच उघडले होते त्यांच्याकडे फाटकाबाहेरचे सभासद होते, प्रशिक्षक होते, खजिनदारही होता.

स्त्रियांना प्रवेश होता का?

कानो १८९० च्या दशकापासून स्त्रियांना शिकवत होते आणि कोदोकानचा महिला विभाग १९२६ मध्ये सुरू झाला. तरी स्पर्धेचे दार स्त्रियांना फार काळ बंद राहिले. रस्टी कानोकोगी या अमेरिकन महिलेने १९५९ मध्ये पुरुष म्हणून वावरत न्यूयॉर्क राज्यातल्या वायएमसीए स्पर्धेत भाग घेतला, आपली लढत जिंकली आणि स्त्री असल्याचे कबूल केल्यावर पदक परत द्यावे लागले. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा १९८० मध्ये न्यूयॉर्कला झाली ती त्यांच्याच खटपटीने. ऑलिंपिकमध्ये महिला ज्युदो १९८८ मध्ये प्रात्यक्षिक म्हणून आणि १९९२ पासून पूर्ण हक्काने आला.

कामाच्या जागेतल्या क्लबात अडचण कित्येकदा साधी होती: कपडे बदलायची खोली एकच. ती दुसरी खोली कुणी मागितली, कुणी मिळवून दिली, हे इतिवृत्तात शोधा आणि ठळक लिहा.

कारखाना बंद झाला तेव्हा क्लबचे काय झाले?

जागा गेली, पगारातून कापली जाणारी वर्गणी गेली, विमा गेला. एका महिन्यात हे सगळे स्वतः करायची वेळ आली. टिकलेल्या क्लबांनी साधारण एकच मार्ग धरला: गाद्या आपल्या नावावर करून घेतल्या, घटना लिहून संस्था नोंदवली, राष्ट्रीय संघटनेशी थेट संलग्नता घेतली आणि शाळेच्या व्यायामशाळेत किंवा एखाद्या सभागृहात तासांच्या भाड्याने जागा मिळवली. गाद्या कंपनीच्या मालमत्तेच्या यादीत राहिल्या आणि लिलावात गेल्या, अशाने क्लब संपतो.

स्थापनेचे वर्ष कोणते धरावे? यावरून आमच्यात वाद आहे.

पहिला नियमित वर्ग ज्या वर्षी सुरू झाला ते. नोंदणीचे वर्ष त्याखाली वेगळे लिहावे. नोंदणीपासून मोजले तर कँटीनमध्ये टेबले सरकवणाऱ्या माणसांची सगळी वर्षे पुसली जातात, आणि त्यांच्याशिवाय नोंदवायला क्लबच नव्हता.

कंपनीचे नाव क्लबच्या नावात ठेवावे का?

सभासदांना हवे असेल तर जरूर. कंपनी अजून चालू असेल तर लेखी परवानगी घ्या.

जुन्या फोटोंवर आणि प्रमाणपत्रांवर तारीख नाही. काळ कसा ओळखायचा?

ज्युदोच्या नियमांतले बदल इथे फार उपयोगी पडतात.

प्रमाणपत्रावरचा वजनगट आधी पाहा. १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी ६८ आणि ८० किलोच्या मर्यादा होत्या, वर जड आणि खुला गट. १९७२ मध्ये ६३, ७०, ८०, ९३ आल्या. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ६०, ६५, ७१, ७८, ८६, ९५. आणि १९९८ पासून ६०, ६६, ७३, ८१, ९०, १००. म्हणजे पुरुषांच्या ७१ किलो गटाचे पदक १९९८ च्या अलीकडचे असणे कठीण. महिलांचे ५६ आणि ६१ हे गट जुने, ५७ आणि ६३ हे १९९८ नंतरचे. स्थानिक स्पर्धा आणि मुलांचे गट यांना हा ताळा थोडा सैल धरावा, कारण नवे गट सगळीकडे एकाच दिवशी लागू होत नसत.

गुणफलक दिसत असेल तर आणखी सोपे. कोका हा सर्वांत छोटा गुण १९७० च्या दशकात आला आणि २००८ च्या अखेरीस गेला. त्याच्या वरचा युको हा गुण २०१७ मध्ये काढला गेला, २०२५ मध्ये परत आला. दोघांपैकी एकाचा पोशाख निळा असेल तर फोटो बहुधा १९९७ नंतरचा, कारण आंतरराष्ट्रीय महासंघाने निळ्या ज्युदोगीला, म्हणजे ज्युदोच्या पोशाखाला, मान्यता दिली ती तेव्हा. जॅकेटच्या बाह्या कोपराशी संपत असतील तर फोटो फार जुना आहे, त्याला हातमोजे घालून हाताळा.

पट्ट्यांवरून काळ ठरवताना मात्र सावध राहा. रंगीत पट्टे युरोपात लोकप्रिय करण्यात १९३५ पासून पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांचा मोठा वाटा आहे, पण रंगांचा क्रम देशागणिक वेगळा होता. शिवाय कृष्णधवल फोटोत हिरवा, निळा आणि तपकिरी सारखेच दिसतात. पट्टा पाहून काळ सांगण्यापेक्षा त्या माणसाच्या श्रेणी-परीक्षेचे कार्ड शोधा. त्यावर तारीख आणि परीक्षकाची सही दोन्ही असतात.

कागदपत्रे कुठे मिळतील?

कामगार कल्याण समितीची इतिवृत्ते, कंपनीच्या गृहपत्रिकेचे अंक, युनियनचे दप्तर, स्थानिक वर्तमानपत्राच्या क्रीडा पानाची जुनी बांधणी, राष्ट्रीय संघटनेचे श्रेणी-रजिस्टर. खजिनदाराची जुनी वही मिळाली तर सोने मिळाले समजा. कॅनव्हासची दुरुस्ती, बसचे भाडे, रुग्णालयात नेल्याचा टॅक्सीखर्च, सगळे त्यात असते, आणि इतिवृत्त जे झाकते ते हिशेबात दिसते.

संप, टाळेबंदी, दुखापती लिहाव्यात का?

लिहाव्यात. संपाच्या काळात व्यवस्थापक आणि कामगार एका गादीवर आले की नाही, हा क्लबच्या इतिहासातला महत्त्वाचा प्रश्न आहे आणि उत्तर नकारार्थी असेल तरी ते नोंदवायला हवे. दुखापतीच्या बाबतीत त्या माणसाची किंवा कुटुंबाची परवानगी घ्या. मुलांची नावे, पत्ते, जन्मतारखा जुन्या रजिस्टरमधून उचलून कुठेही प्रसिद्ध करू नका.

ज्येष्ठ सभासदांशी बोलताना काय विचारावे?

पदके विचारू नका, ती कपाटात आहेतच. गादी कोण घालायचे, किल्ली कुणाकडे असायची, पहिल्यांदा कुणी पाडले, कुठल्या पाळीत होता, घरचे काय म्हणायचे, सोडून कोण गेले आणि का, हे विचारा. फोटो पुढे ठेवा आणि डावीकडून उजवीकडे एकेक चेहऱ्यावर बोट ठेवत नावे लिहून घ्या. फोटोच्या मागे शाईचे पेन वापरू नका, पेन्सिलने हलके लिहा. दोघांना एकत्र बसवले तर एक विसरलेले दुसरा आठवतो. आणि हे याच महिन्यात करा.